एका माणसाचा ट्रेलर

होडी दोघांची होती आणि दोघांचीच राहावी अशी तिची बांधणी होती. म्हणजे असं, की एका माणसाला ती उचलत नसे आणि तीन माणसं तिच्यात मावत नसत. दोन साडू मात्र तिला बरोब्बर पुरत. रविवारी सकाळी थोरल्या साडूंनी पुढचं टोक धरायचं, धाकट्यांनी मागचं, "हं, एक, दोन," म्हणत ती गाडीच्या टपावर चढवायची, तलावाच्या काठी तशीच उतरवायची आणि गुडघाभर पाण्यात नेऊन सोडायची. हा क्रम इतकी वर्षं चालला होता, की त्यांच्या बायकांनी, म्हणजे त्या दोन सख्ख्या बहिणींनी, रविवारची सकाळ हा आपला हक्काचा वेळ धरून टाकला होता. नवरे पाण्यात आणि आपण निवांत.

थोरले साडू लोकांना गाडी चालवायला शिकवत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शहरातले निम्मे लोक त्यांचा ओरडा खाऊनच रस्त्याला लागले होते. धाकट्या साडूंचं वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. फाटकं, जाळ्या, जिने, कठडे, लोखंडाचं जे म्हणाल ते. मास्तर त्यांना साडूभाऊ म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू.

आता मास्तरांचा रविवार म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचं सगळं म्हाताऱ्यांचा पोरखेळ वाटेल. शिकवण्याच्या गाडीला शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला, की तो मास्तरांनी दाबायचा. आठवड्याचे सहा दिवस मास्तर त्या शेजारच्या सीटवर, पाय ब्रेकवर आणि जीव मुठीत धरून बसत. घरी यावं तर थोरली, म्हणजे त्यांची बायको, त्यांचं एकही वाक्य पुरं होऊ देत नसे. ती ते स्वतःच पुरं करून टाके, आणि खरी चीड आणणारी गोष्ट अशी, की बरोबर पुरं करी. रविवारी मात्र मास्तर होडीत मागच्या फळीवर बसत. वल्ही साडूभाऊ मारत. वल्हं मारणाऱ्याची पाठ पुढे आणि तोंड मागे असतं, त्यामुळे दोघे अगदी समोरासमोर येत. मग मास्तरांची टकळी सुरू होई. आठवड्याचे विद्यार्थी, सासऱ्यांचा हेकटपणा, दोघी बहिणींचे स्वभाव, खड्डे, राजकारण. साडूभाऊ ओठ घट्ट मिटून, नजर लांब काठावर लावून सगळं ऐकत आणि मधूनच मान हलवत. आपलं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस जगात एकच आहे आणि तो देवाने आपल्याला साडू म्हणून दिला, असं मास्तर अगदी मनापासून मानत. बोलून दाखवत नसत इतकंच.

तर अशा मास्तरांचा उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, पट्टा सुटला, आणि डॉक्टर म्हणाले, "वल्ही मारलीत तरी चालेल, उलट चांगलंच आहे. पण जड काही उचलायचं नाही. कायमचं नाही."

म्हणजे होडीत बसायचं, पण होडी उचलायची नाही. हे म्हणजे जेवायला बसा पण ताटाला हात लावू नका, त्यातलं झालं.

"मग आता रविवारी तुम्ही घरीच?" थोरलीने विचारलं. तिचा चेहरा असा झाला, जसा पाहुणे आणखी आठ दिवस राहणार म्हटल्यावर होतो.

"बघू," मास्तर म्हणाले.

"कोणातरी धडधाकट माणसाला घ्या की मदतीला."

"परका माणूस? माझ्या होडीला?"

"होडीच आहे हो, नवरी नाही."

साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी बघतो काहीतरी." एवढं बोलणं म्हणजे त्यांच्या मानाने भाषणच झालं. दोन दिवसांनी त्यांनी भंगारवाल्याकडून एक ट्रेलर ओढून आणला. तो होता एका मोठ्या मोटरबोटीचा. मोटरबोट बुडाली होती की विकली होती कोण जाणे, ट्रेलर मात्र दणकट होता. दोघांनी वर्कशॉपच्या कामगारांना हाताशी घेऊन आपली होडी त्याच्यावर ठेवून पाहिली. कढईत एक शेंगदाणा टाकावा तशी ती दिसायला लागली.

"परत करा," मास्तर म्हणाले. "ही होडी याच्यावरून रस्त्यात पडली तरी आपल्याला घरी गेल्यावर कळेल."

"बदलू," साडूभाऊ म्हणाले आणि त्यांनी ट्रेलरभोवती एक चक्कर मारली. फाटकाचं माप घ्यायला गेल्यावर ते जसे गप्प होत तसे गप्प झाले. त्या गप्प होण्यात एक सुख असे, हे मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून शेवटचा विद्यार्थी सोडला की मास्तर थेट वर्कशॉपमध्ये जायला लागले. तिथे एक पालथा ड्रम होता, त्यावर बसून ते देखरेख करत. देखरेख म्हणजे बोलत. साडूभाऊंनी आधी ट्रेलरचं मागचं जास्तीचं धूड कापून टाकलं. मग स्प्रिंगचे पाटे काढले, कारण मोटरबोटीच्या वजनासाठी लावलेले ते जाड पाटे हलक्या होडीखाली दबलेच नसते आणि प्रत्येक खड्ड्याला होडी उडाली असती. मग चाकांचा अ‍ॅक्सल सरकवला.

"आणखी पुढे घ्या," मास्तर ड्रमवरून म्हणाले.

"नाही. गाडीच्या हुकावर थोडं वजन राहिलं पाहिजे. नाहीतर मागे नुसता हेलकावे खाईल."

"मी रस्त्यावरचा माणूस आहे, साडूभाऊ. मला सांगताय?"

"मग तुम्ही सांगा."

मास्तरांनी विचार केला. "हुकावर थोडं वजन राहिलं पाहिजे," ते म्हणाले.

मधोमध रबरी रोलर बसले, म्हणजे होडी त्यांच्यावरून घरंगळत खाली जाईल. दोन्ही बाजूंना होडी टेकायला फळ्या आल्या. फळ्यांवर काहीतरी मऊ हवं होतं. ते कुठून आलं हे धाकटीला, म्हणजे साडूभाऊंच्या बायकोला, केर काढताना सोफा सरकवल्यावर कळलं. सोफ्याखालच्या गालिच्याच्या दोन लांब पट्ट्या गायब होत्या. कापलेल्या मात्र अगदी सुतात होत्या. तिने ताईला फोन केला.

"सोफ्याखालचाच भाग घेतला ना?" थोरली म्हणाली. "मग तुझा नवरा विचारी आहे. आमच्या ह्यांनी दारातलाच कापला असता, आणि वर मलाच म्हणाले असते, दिसत नाही का तुला, होडी आहे."

इथपर्यंत सगळं छान होतं. मास्तरांना वाटायला लागलं होतं, की खांदा गेला तरी रविवार वाचला. मग साडूभाऊंनी ट्रेलरची चौकट मधोमध कापली आणि तिथे फाटकाची एक भक्कम बिजागरी बसवली.

"हे कशाला?" मास्तरांनी विचारलं.

साडूभाऊंनी डोळ्यावरचा काळा चष्मा वर केला. या कामाबद्दल विचारलं की त्यांना कधी नव्हे ते बोलावंसं वाटे. "पिन काढली की मागचा भाग पाण्याकडे झुकतो. होडी आपली आपण उतरते. येताना दोर लावायचा, विंचचं, म्हणजे दोर गुंडाळायच्या रहाटाचं, हँडल फिरवायचं, होडी वर. चाकं पाण्यात बुडवायची गरज नाही, बेअरिंगमध्ये पाणी जात नाही. पुढचा दांडाही लांब करतोय, म्हणजे गाडी कोरडी राहते. उचलायचं काहीच नाही. एका माणसाला जमलं पाहिजे."

"एका माणसाला?"

"एकट्याला. दुसऱ्याची गरजच नको."

"आणि दुसरा माणूस काय करेल?"

"घरी बसेल," साडूभाऊ म्हणाले. "पेपर वाचेल." आणि हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की मास्तर ड्रमवरून उठून उभे राहिले.

दोघांत धडधाकट कोण, खांदा गेलेला कोण, हे सांगायला काय ज्योतिषी हवा होता? घरी पेपर वाचणारा दुसरा माणूस कोण, हे मास्तरांना लख्ख कळलं. इतकी वर्षं आपल्याला होडीत घेतलं ते होडीचं पुढचं टोक धरायला. आता ते काम बिजागरी करेल. बिजागरी बडबडही करत नाही.

रात्री जेवताना त्यांनी थोरलीला सांगितलं. तिने नेहमीप्रमाणे वाक्य पुरं केलं. "आणि तुम्हाला वाटतंय, त्यांना तुम्ही नको आहात."

"वाटत नाही. बोलले ते."

"मग विचारा सरळ."

"कसं विचारणार? सख्खा भाऊ असता तर भांडलो असतो. साडू आहे. साडूशी भांडलं की दोन घरं भांडतात."

"मग बसा कुढत," थोरली म्हणाली आणि तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. तिची समजूत घालायची पद्धत तीच होती.

सरळ विचारता येत नसेल तर माणूस वाकडं वागतो. मास्तरांनी ट्रेलरमध्ये खोड्या काढायला सुरुवात केली. दिवे नीट बसले नाहीत, रंग चुकला, दांडा फार लांब झाला. आता साडूभाऊंच्या कामाला नाव ठेवणं सोपं नव्हतं. एकदा एका गिऱ्हाइकाने फाटक वाकडं बसलंय म्हटलं होतं, तर साडूभाऊंनी पाणसळ लावून भिंतच वाकडी असल्याचं सिद्ध केलं होतं, आणि बिचाऱ्याने ती पाडून पुन्हा बांधली. आपली चूक झाली, हे शब्द त्यांच्या तोंडून त्यांच्या बायकोनेही कधी ऐकले नव्हते. मास्तरांची प्रत्येक शंका त्यांनी टेप लावून, गुण्या लावून, एकही शब्द जास्त न बोलता खोटी पाडली.

शेवटी मास्तरांनी हुकमाचं पान टाकलं. "एक पिन पुरणार नाही. चुकून निघाली तर भर रस्त्यात ट्रेलर मधून दुमडेल. दोन पाहिजेत. एक या बाजूला, एक त्या बाजूला. दोन्ही एकदमच काढायच्या."

"एकदम?"

"एक माणूस इकडून, एक तिकडून. सुरक्षेचा प्रश्न आहे. माझ्या गाडीला नाहीत का दोन ब्रेक?"

साडूभाऊंनी डोकं खाजवलं. मास्तरांना वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी ते हसतमुखाने गेले, तर दोन पिना होत्या, एक या बाजूला आणि एक त्या बाजूला, आणि दोन्हींना जोडणारी एक सळई. ती एका हाताने ओढली की दोन्ही पिना एकदम बाहेर.

"तुमची सूचना चांगली होती," साडूभाऊ म्हणाले.

त्यानंतर मास्तर वर्कशॉपला गेले नाहीत. कधी विद्यार्थी आहे म्हणाले, कधी खांदा दुखतो म्हणाले. तिकडे विंच बसली, रंग लागला, आणि एका शनिवारी साडूभाऊंचा फोन आला.

"उद्या नेऊन बघू."

"तुम्हीच न्या की," मास्तर म्हणाले. "एकट्याला जमतं ना?"

"हुक तुमच्या गाडीला आहे."

ते खरं होतं. मास्तर गेले. गाडीच्या टपावर 'शिकाऊ चालक' असा फलक होता आणि मागे होडी. रस्त्यावरचे सगळे मोठा आदर दाखवून लांबून गेले. वाटेत मास्तर एक शब्द बोलले नाहीत. साडूभाऊ दोनदा त्यांच्याकडे वळून बघून परत पुढे बघायला लागले.

तलावाच्या काठी पाण्यापर्यंत जाणारा एक सिमेंटचा उतार आहे. तिथे ट्रेलर उलटा न्यायचा होता. आता ट्रेलर जोडलेली गाडी मागे घेणं ही विद्या वेगळी असते. स्टीअरिंग इकडे फिरवावं तर ट्रेलर तिकडे जातो. मास्तरांना हे तोंडपाठ होतं आणि हाताला मुळीच येत नव्हतं. पहिल्या खेपेला ट्रेलर झुडपात गेला, दुसऱ्या खेपेला दुसऱ्या झुडपात.

"मी घेतो," साडूभाऊ म्हणाले. मास्तर उठून शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांचा पाय आपसूक तिथल्या ब्रेकवर गेला. गाडी वीतभर मागे गेली की मास्तर ब्रेक दाबत. पुन्हा वीतभर, पुन्हा ब्रेक.

"मास्तर, पाय काढा."

"काढला."

पुन्हा ब्रेक.

साडूभाऊंनी कसाबसा ट्रेलर उताराच्या तोंडाशी सरळ उभा केला, गिअर काढला आणि हात जोडले. "तुम्हीच या आता. मी मागून सांगतो." ते उतरून मागे गेले. मागून आवाज आला, "येऊ द्या!"

मास्तरांनी ब्रेक थोडा सैल केला. गाडी उतारावरून संथ मागे सरकायला लागली.

"येऊ द्या, येऊ द्या! सुंदर!"

आणि खरंच सुंदर जात होती. ओळंबा लावल्यासारखी सरळ. मास्तर मनात म्हणाले, काही म्हणा, साडूभाऊंना हात आहे.

"बस!" मास्तरांनी ब्रेक दाबला. साडूभाऊ कौतुकाने पुढे आले. "वा मास्तर, शेवटी जमलं की..." आणि खिडकीशी थांबले. स्टीअरिंगपाशी कोणी नव्हतं.

"गाडी कोण चालवत होतं?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी शेजारी पाहिलं. "तुम्ही," ते म्हणाले.

दोघे क्षणभर त्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले. मग मास्तरांनी हळूच हात लांबवून हँडब्रेक ओढला. एरवी दोघे काठावर बसून पोट धरून हसले असते. आज साडूभाऊ एकटेच हसले आणि थोड्या वेळाने तेही थांबले.

"या," ते म्हणाले. "तुम्ही करा."

"मी?"

"मग कोण? ओढा सळई."

मास्तरांनी सळई ओढली. दोन्ही पिना निघाल्या, ट्रेलरचा मागचा भाग नम्रपणे पाण्याकडे झुकला. "आता विंचचा खटका सोडा, हँडल धरा, आणि हळूहळू दोर द्या." मास्तरांनी उजवा हात पुढे केला. हँडल तिथे नव्हतं. ते डावीकडे होतं.

मास्तर म्हणाले, "हे उलटं बसलंय." इतक्या दिवसांत पहिली खरी चूक सापडली म्हणून त्यांना जरा बरंही वाटलं.

"उलटं नाही. तुमचा डावा हात चांगला आहे ना?"

मास्तरांनी डाव्या हाताने हँडल धरलं. ते त्यांच्या कमरेच्या उंचीला होतं. साडूभाऊ त्यांच्याहून चांगले वीतभर उंच. त्यांना ते फिरवायला वाकावं लागलं असतं. सळईची मूठही डावीकडे होती. मास्तर एकेका वस्तूकडे बघत गेले आणि त्यांना एकेक कळत गेलं. या ट्रेलरचा तो एकटा माणूस कोण, ते सगळ्या ट्रेलरवर लिहिल्यासारखं होतं.

"माझ्यासाठी?" ते म्हणाले. "मग घरी पेपर वाचणार कोण?"

"मी."

"तुम्ही? का?"

साडूभाऊंनी पायाच्या अंगठ्याने सिमेंट उकरलं. "मला होडीत गरगरतं," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"काहीतरीच. तुम्ही इतकी वर्षं, इतक्या शांतपणे..."

"शांत नव्हतो, मास्तर. तोंड उघडलं असतं तर पोटातलं बाहेर आलं असतं. लांब काठावर एक झाड धरून ठेवायचो नजरेने. मळमळ वाढली की मान हलवायचो."

मास्तर खाली, त्या सिमेंटच्या उतारावरच बसले. इतक्या वर्षांच्या सगळ्या माना त्यांच्या डोळ्यांपुढून हलत गेल्या. "म्हणजे मी जे बोलायचो ते..."

"ऐकायचो की. त्यानेच जरा मन दुसरीकडे लागायचं."

"पण कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायला जागा कुठे ठेवलीत?" साडूभाऊ म्हणाले, आणि मग जरा ओशाळून, "पहिल्या वेळी लाज वाटली. नवा जावई, तुम्ही थोरले. नंतर सांगायला उशीर झाला. आणि तुम्ही रविवारी इतके खूश असायचात. दोन माणसांशिवाय होडी उचलणार कशी? आता तसं नाही. आता तुम्ही सुटलात आणि मीही सुटलो." त्यांनी ट्रेलरच्या दांड्यावर थाप मारली. "जा. मस्त फिरून या."

खुशीच्या बातमीवर जसं हसतात तसं मास्तर हसले. न हसून करतात काय? माणसाने त्यांच्यासाठी गालिचा कापला होता. त्यांनी हँडल फिरवलं, होडी रोलरवरून लोण्यातून सुरी जावी तशी खाली गेली आणि अलगद पाण्यावर बसली. मास्तर तिच्यात चढले, आज पहिल्यांदाच वल्ही मारायच्या फळीवर, आणि निघाले.

खांदा दुखला नाही. होडी सरळ जात होती. तलाव तसाच होता. वल्ही मारणाऱ्याचं तोंड मागे असतं, त्यामुळे मास्तरांच्या समोर त्यांची स्वतःची मागची फळी होती, रिकामी, आणि तिच्यापलीकडे काठावर साडूभाऊ लहान लहान होत चालले होते. "या आठवड्याला एक नवीन बाई आल्यात," मास्तर सवयीने म्हणाले. "क्लच सोडताना डोळे मिटतात." फळी काही बोलली नाही. बोलत तर साडूभाऊही कधी नव्हते, पण ते न बोलणं वेगळं होतं. मास्तरांना एकदम रडू आलं. त्यांना होडी नको होती. त्यांना पाण्याचीही काही पडलेली नव्हती. त्यांना साडूभाऊ हवे होते, आणि ज्याला आपल्यापायी इतकी वर्षं मळमळलं, त्याला आता कोणत्या तोंडाने होडीत बसा म्हणायचं?

ते वल्ही धरून तसेच बसून राहिले. लांब काठावर साडूभाऊ ट्रेलरखाली शिरले होते, नुसते पाय दिसत होते. मधेच बाहेर येऊन त्यांनी बिजागरी वरखाली करून पाहिली, पुन्हा आत शिरले. या माणसाला रविवारी इतकं सुखात मास्तरांनी कधी पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी होडी वळवली.

"का हो?" ती टेकल्यावर साडूभाऊंनी धावत येऊन विचारलं. "एवढ्यात परत? काही बिघडलं?"

मास्तरांनी दोर लावला, डाव्या हाताने हँडल फिरवून होडी वर घेतली. एकट्याने, कोणाच्याही मदतीशिवाय. मग ते तलावाकडे तोंड करून म्हणाले, "रोलर कुरकुरतोय."

"कुठला?"

"मधला. होडी उतरतानाच ऐकलं मी."

साडूभाऊंचं तोंड उतरलं. त्यांनी खाली वाकून होडीच्या तळाला खांदा दिला, ती जराशी उचलली आणि मधला रोलर बोटाने फिरवला. तो फिरला आणि फिरतच राहिला. आवाज म्हणून नाही. त्यांनी कान लावून पुन्हा फिरवला. मग मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे कान लाल झाले होते.

"सगळं खोलावं लागेल," मास्तर पाण्याकडे बघतच म्हणाले. "एका दिवसाचं काम नाही. पुढचा रविवार वर्कशॉपमध्ये जाईल. त्याच्या पुढचाही जाईल कदाचित. मी येईन. ड्रमवर बसेन. तिथे काही हलत नाही, गरगरत नाही."

साडूभाऊंनी तो गुळगुळीत फिरणारा रोलर आणखी एकदा फिरवून पाहिला. मग त्यांनी फडक्याला हात पुसले.

"कुरकुरतोय खरा," ते म्हणाले. "माझीच चूक झाली."